मित्रकीटकाचें बलुतें

'मित्र' हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. ज्याच्यापासून आपला फायदा होतो तो मित्र व ज्याच्यापासून तोटा होतो तो शत्रु, अशी व्याख्या एखाद्यानें चारचौघांत मांडली, तर सभ्य माणसें नाक मुरडतील. परंतु शेतकीच्या पुस्तकांत किड्यांची वांटणी नेमकी याच व्याख्येवर झालेली आहे. पीक खाणारी ती शत्रुकीड. तिला खाणारा तो मित्रकीटक. या दुसऱ्या यादींत ज्याचें नांव बहुधा वरच्या ओळींत असतें, अशा एका नाजूक प्राण्याच्या निमित्तानें प्रस्तुत लेखांत एक प्रश्न विचारावयाचा आहे : ज्याला आपलें भलें करण्याचें ज्ञानही नाहीं आणि इच्छाही नाहीं, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? आणि लागत असलों, तर तें देणें कोणी द्यावयाचें?

हा प्राणी पुष्कळांनीं पाहिलेला असतो, ओळखलेला मात्र क्वचितच. रात्रीं ओसरीवरच्या दिव्याभोंवतीं जे किडे जमतात, त्यांत अर्ध्या-पाऊण इंचाचा, कोंवळ्या पोपटी रंगाचा, पंख घराच्या छपरासारखे अंगावर मिटून भिंतीला चिकटून बसलेला एक किडा असतो. पंख इतके पारदर्शक कीं, त्यांतील शिरांची जाळी तेवढी दिसावी. डोळे सोन्याच्या मण्यांसारखे. उडणें दुबळें, पण वटवाघुळाचा जो आवाज माणसाच्या कानाला मुळींच ऐकूं येत नाहीं, तो त्याला पंखाच्या मुळाशीं असलेल्या इंद्रियानें कळतो, आणि त्यासरशी तो पंख मिटून दगडासारखा खालीं पडतो. शेतकऱ्यांत तो 'क्रायसोपा' या शास्त्रीय नांवानेंच परिचित आहे. मराठींत त्याला रुळलेलें असें घरगुती नांव नाहीं, आणि यांत नवल नाहीं. ज्याचा उपद्रव होतो त्याला नांव मिळतें : मावा, तुडतुडा, हुमणी, खोडकिडा. जो मुकाट्यानें उपयोगी पडतो तो बिननांवाचाच राहतो. माणसांतही असें होतेंच. पंखांवरून आपण त्याला जाळीपंख म्हणूं. शास्त्रज्ञांनीं तरी त्याला प्रथमपासून नीट ओळखलें होतें म्हणावें, तर तसेंही नाहीं. ज्या जातीला ते जगभर एकच समजत होते, ती प्रत्यक्षांत दिसावयास सारख्या अशा अनेक जातींचा समूह निघाली. नर-मादी पोट थरथरवून पानावर जो ताल धरतात, त्यावरून या जाती आपापलें माणूस ओळखतात. आपल्याकडील जात निराळी असल्याचें ठरलें तें याच शतकांत.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस, भीमेच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड, असे दोन तालुके आहेत. शिरूर गांवाला जुनी माणसें घोडनदीच म्हणतात. या मुलखाचे दोन चेहरे आहेत. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे उतरला, घोड व चासकमान या धरणांचें पाणी शिरूरच्या शिवारांत खेळलें, आणि जेथें पाणी पोंचलें तेथें ऊस उभा राहिला. न्हावऱ्याचा घोडगंगा व पाटसचा भीमा हे साखर कारखाने त्याच उसाच्या जोरावर निघाले. या उसांत आतां बिबट्यानें बिऱ्हाड केलें आहे, आणि वर्तमानपत्रें त्याच्या बातम्यांनीं भरतात. पण त्याच उसांत दुसरेही मांसाहारी प्राणी आहेत, त्यांची बातमी होत नाहीं. जेथें पाणी पोंचलें नाहीं तेथें अद्याप रब्बीची ज्वारी आहे, आणि कोठें कोठें तिच्या कडेनें करडईचे तास. हा कांटेरी तास जनावर आंत शिरूं नये म्हणून जुनी माणसें पेरीत आलीं. पौषाच्या सुमारास या करडईवर काळा मावा चढतो, पानें तेलकट चकाकूं लागतात, आणि शेतकरी कपाळाला आठी घालून 'चिकटा पडला' म्हणतो. त्या चिकट्याच्या मागोमाग जाळीपंख येतो.

त्याची मादी अंडें पानाला टेकून ठेवीत नाहीं. आधीं ती पानावर चिकट रसाचा एक थेंब टेकते, पोट वर उचलून त्याची केसासारखी बारीक तार ओढते, ती क्षणांत वाळून ताठ होते आणि तिच्या टोंकावर एकच अंडें राहतें. पानाखालीं अशीं अंडीं पाहिलीं म्हणजे कोणी पांढऱ्या टांचण्या टोंचून ठेवल्यासारखें वाटतें. ही योजना कशासाठीं? माव्याचा गोड रस पिण्यास चटावलेल्या मुंग्या माव्याची राखण करीत असतात; त्यांच्यापासून अंडें उंच राहावें, हें एक. दुसरें कारण घरचेंच आहे. आधीं जन्मलेली अळी शेजारच्या अंड्यांतील भावंडाला खाऊन टाकावयास कमी करीत नाहीं. तीन-चार दिवसांत तारेवरून खालीं उतरणारी ही अळी म्हणजे पोपटी पांखराची पूर्ण उलट बाजू. मगरीसारखें निमुळतें अंग आणि पुढें कोयत्यासारखे दोन पोकळ जबडे. ते माव्याच्या अंगांत खुपसावयाचे, त्यांतून पाचक रस आंत सोडावयाचा, आंतील मांस विरघळलें कीं शोषून घ्यावयाचें आणि रिकामें कातडें टाकून पुढें जावयाचें; दहा-बारा दिवसांत शेंकडों मावे अशा रीतीनें संपतात. अठराव्या शतकांतील रोमर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें या अळ्यांना 'माव्याचे सिंह' म्हटलें, तें यथार्थच होतें. कांहीं जातींच्या अळ्या तर खाल्लेल्या किड्यांचीं कातडीं पाठीवर लादून, त्याच वेषांत वावरतात. पुढें कोश होतो, कोशांतून पांखरूं निघतें, आणि आपल्याकडील नेहमींच्या जातींत हें पांखरूं मांसाहार सोडून देतें. फुलांतील पराग, मध आणि माव्यानें गाळलेला तोच चिकटा यांवर त्याचा निर्वाह चालतो. म्हणजे बालपण माव्याच्या मांसावर, आणि तारुण्य बरेंचसें माव्याच्या गोडव्यावर. मावा समूळ नाहींसा झाला, तर हा प्राणी दोन्ही वयांत उपाशी. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याचें काम आहे.

अशा प्राण्याला मित्र म्हणावें काय? त्याच्या ठिकाणीं दया नाहीं. सख्ख्या भावंडाविषयींही नाहीं. त्याला शेतकरी दिसत नाहीं, करडईही दिसत नाहीं. त्याला मावा दिसतो. कोणी म्हणेल, फळाची आशा न धरतां कर्म करावें, तें याच्याइतकें कोण करतो? पण हा शब्दांचा खेळ झाला. फळ ठाऊक असून त्याची आशा सोडणें ही निष्कामता. फळ ठाऊकच नसणें हें निव्वळ अजाणपण. उपकारांवर सात खंडांचा ग्रंथ लिहिणाऱ्या सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्यानें हा प्रश्न मोठ्या बारकाईनें घोळला आहे. ज्याच्या मनांत आपलें भलें करण्याचा हेतु नव्हता, त्याच्या हातून भलें झालें तर ऋण लागतें काय? हेतूवांचून उपकार नाहीं, याच मताकडे त्याचा कल आहे. नदीनें आपलीं गलबतें वाहून नेलीं म्हणून कोणी नदीचा ऋणको होत नाहीं. विचार म्हणून हें बिनतोड आहे. परंतु आमच्याकडील रीत अशी कीं, आम्ही बैलाला पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळी घालतों आणि खंडेनवमीला नांगराच्या फाळालाही हळदकुंकू लावतों. फाळाच्या मनांत कसला आला आहे हेतु! कृतज्ञता ही देणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसून घेणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे, असें या रीतीमागें गृहीत असावें, आणि मला तें सेनेकाच्या तर्कापेक्षां अधिक पटतें. मात्र या रीतींत एक सोय आहे, तीही पाहिली पाहिजे. पोळ्याची झूल उतरली कीं, दुसरे दिवशीं बैलाच्या मानेवर जूं असतें. पूजेला खर्च थोडा लागतो. जाळीपंखाला पूजा नको. त्याला जें हवें तें देण्यास मात्र बराच खर्च येतो.

तो खर्च किती, हें या मुलखाला २००२ सालानंतर कळलें. उसावरील लोकरी माव्याचें शास्त्रीय वर्णन १८९७ सालीं जावा बेटांतील नमुन्यांवरून झालें होतें, आणि भारताच्या ईशान्य भागांत तो पूर्वींपासून नांदत होता. २००२ च्या पावसाळ्यांत तो सांगलीकडे प्रकट झाला, आणि पाहतां पाहतां कोल्हापूर, सातारा, पुणें, सोलापूर, नगर असा पसरला, कर्नाटकांतही शिरला. पानाच्या खालच्या अंगाला कापूस लोंबावा तसा पांढरा थर, आणि खालच्या पानांवर पडलेल्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी. या माव्याची मादी नरावांचून पिलें घालते. त्यामुळें वाढीला हिशेब राहत नाहीं. त्यांतच त्या वर्षीं व पुढल्या वर्षीं अवर्षण पडलें; उसाचें जें नुकसान झालें त्यांत माव्याचा वांटा किती आणि पावसाचा किती, हें निवडून सांगणें अवघड. लोकांनीं फवाऱ्याचे पंप पाठीला लावले. परंतु आडसाली ऊस सहा-सात महिन्यांचा झाला कीं, त्यांत माणसाला हात वर करून चालतां येत नाहीं, आणि मावा तर पानाच्या खालीं. औषध वरच्या पानावर पडावयाचें, मावा खालीं सुखरूप राहावयाचा, आणि उघड्यावर हिंडणारे त्याचे वैरी तेवढे मरावयाचे, असेंही होऊं लागलें.

हे वैरी कोण? मांजरीची वसंतदादा साखर संस्था, राहुरीचें कृषी विद्यापीठ, बंगळूरची जैविक कीड नियंत्रणाची संस्था, अशा ठिकाणीं त्याचा अभ्यास झाला. त्यांत पहिला मान डिफा नांवाच्या एका पतंगाच्या अळीला द्यावा लागतो, आणि तिच्या खालोखाल मायक्रोमस या तपकिरी जाळीपंखाला. हा आपल्या पोपटी जाळीपंखाचा चुलत घराण्यांतला. त्याच्या अंड्यांना तारा नसतात, आणि पांखरूं झाल्यावरही तो मावा खाणें सोडीत नाहीं. पोपटी जाळीपंखही या माव्यावर आला, पण उसाच्या रानांत त्याचें काम दुय्यम ठरलें. या किड्यांसह कोश ज्यांवर आहेत अशीं पानें तोडून एका शेतांतून दुसऱ्या शेतांत नेऊन बांधावीं, असा उद्योग गांवोगांव चालला. पुढें आसामांतून माव्याच्या अंगांत अंडें घालणारी एक बारीक गांधीलमाशीही आणून सोडण्यांत आली. दोन-तीन वर्षांत साथीचा जोर ओसरला. मावा गेला नाहीं. तो आजही कोठें ना कोठें असतो, आणि त्याचे वैरीही असतात.

'किडे सोडा व धीर धरा' हा उपदेश त्या काळीं शहरांतून जाणाऱ्यांच्या तोंडीं फार होता. दौंड तालुक्यांतील भीमाकांठच्या एका गांवीं, बांधावर बसून, असाच उपदेश मीही एका वृद्ध गृहस्थांना करीत होतों. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि मग म्हणाले, "गुरुजी, तुमचा किडा येणार असंल तर येऊं द्या, माझं कायबी म्हननं न्हाई. पन तंवर माझ्या कर्जाला त्यो जामीन ऱ्हाईल का?"

या प्रश्नाला कीटकशास्त्रांत उत्तर नाहीं, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. जाळीपंख माव्याच्या आधीं येत नाहीं. येऊंच शकत नाहीं. मावा पुरेसा झाला म्हणजे तो येतो, अंडीं घालतो, अळ्या वाढतात, आणि मग मावा उतरूं लागतो. मधले जे दिवस, त्यांत पिकाचा कांहीं भाग जाणारच. १९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील चार कीटकशास्त्रज्ञांनीं या अनुभवाला व्यवस्थित रूप दिलें : कीड दिसली कीं फवारणी, असें न करतां, जेव्हां किडीनें होणारें नुकसान तिच्या निवारणाच्या खर्चापेक्षां अधिक होण्याचा संभव दिसेल तेव्हांच हात उचलावा. त्या मर्यादेच्या खालीं जी कीड आहे ती राहूं द्यावी. आपल्याकडील कृषि विद्यापीठें आज हेंच शिकवितात. शिकवणूक उत्तम आहे. पण तिचा नैतिक अर्थ असा कीं, शत्रूचा निःपात करूं नका, त्याला थोडा जगूं द्या, कारण तुमच्या मित्राचें पोट त्याच्यावर आहे.

मला येथें बलुत्याची आठवण होते. सुतार, लोहार, चांभार यांना गांव वर्षाचें धान्य खळ्यावर देई. ज्या वर्षीं नांगर मोडला नाहीं त्या वर्षींही देई. बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. तिच्यांत कोणाच्या वांट्याला काय आलें, कोणाला खळ्याच्या कडेला उभें राहून पदर पसरावा लागला, हें या प्रांतांत सर्वांस ठाऊक आहे. घेण्याजोगी गोष्ट तेवढी एक : उपयोगी पडणाऱ्याला, उपयोग पडण्याची वाट न पाहतां, वर्षभर जगविणें हें गांवाचें काम मानलें जाई, एकट्या यजमानाचें नव्हे. जाळीपंखाचें बलुतें धान्याचें नाहीं. तें जिवंत सोडलेल्या माव्याचें, बांधावर न उपटलेल्या फुलांचें, करडईच्या त्या एका तासाचें आहे. तें कोणाच्या तरी पिकांतूनच जातें. पुन्हां या बलुतेदाराला गट नंबर कळत नाहीं. एकानें आपल्या शेतांत मावा सोसावा, त्यावर जाळीपंख पोसावे, आणि तीं पांखरें बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतांत जाऊन त्याचा मावा खावीं, असें घडतें. आणि शेजाऱ्यानें फवारा मारला तर एकाचें सोसणें फुकट जातें, हेंही घडतें. अशा स्थितींत एकट्या शेतकऱ्याला धीराचा उपदेश करणें म्हणजे सगळ्या गांवाचें बलुतें एकाच खळ्यावरून उचलण्यासारखें आहे. त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न कंजूषपणाचा नव्हता. आपण एकट्यानेंच कां, एवढेंच ते विचारीत होते.

यावर एक तोड निघाली आहे, ती म्हणजे मित्र विकत घेण्याची. प्रयोगशाळेंत तांदळावरच्या पतंगाचीं अंडीं अतिनील किरणांनीं निर्जीव करून त्यांवर जाळीपंखाच्या अळ्या पोसतात. एकमेकींस खाऊं नयेत म्हणून प्रत्येकीला निराळा कप्पा. मग तीं अंडीं किंवा अळ्या शेतकरी आणून पिकावर सोडतो. उपाय निरुपयोगी नाहीं. कपाशीवर, भाजीपाल्यावर तो पुष्कळ ठिकाणीं करतात. पण विकतचा मित्र फूल नसलेल्या, फवारलेल्या रानांत सोडला, तर त्याचें पांखरूं दुसऱ्या पिढीला तेथें राहील कशाला? बंगळूरला तर विषाला टिकाव धरणारा जाळीपंखाचा वाण निवडून वाढविण्यांत आला आहे. शास्त्रज्ञांच्या चिकाटीचें कौतुकच केलें पाहिजे. तरी मनांत येतें कीं, विष कमी करण्याऐवजीं मित्रालाच विष पचवावयास शिकविणें, ही आपल्या युगाची खास रीत आहे.

या व्यवहारांत वाचकांचाही भाग आहे. पुण्याच्या मंडईंत आपण फ्लॉवरचा गड्डा उलटासुलटा करून पाहतों, पानावर एक मावा दिसला कीं खालीं ठेवतों, आणि शेजारचा निष्कलंक गड्डा उचलतों. शिरूरच्या भाजीवाल्याला हें पक्कें ठाऊक आहे. तो डाग त्याला दोन रुपयांना पडत नाहीं, सबंध पाटीला पडतो. म्हणून तो मर्यादा वगैरे पाहत न बसतां आठवड्याला फवारतो. त्या स्वच्छ गड्ड्यावर जाळीपंखाची एखादी तार कधीं दिसावयाची नाहीं, हें आपण शुद्धतेचें लक्षण समजतों. शेतकऱ्याच्या अज्ञानाविषयीं मग आपणच हळहळतों. बलुत्याचा आपल्याकडचा वांटा फार मोठा नाहीं. पानाला एखादें भोंक असलेली भाजी त्याच भावानें घेणें, एवढ्यापासून तो सुरू होतो. पण तो आपण देत नाहीं, आणि तो न दिला तर त्याची भरपाई बांधावरच्या माणसाकडून होते.

गांवांनीं मिळून कांहीं करतां येईल काय? कालव्याच्या पाण्याची पाळी एका चारीवरचे लोक ठरवितात, भांडतात, पुन्हां ठरवितात. पाळी चुकविणाऱ्याला नांवें ठेवतात. फवारणीची पाळी, आणि न फवारण्याची पाळी, तशीच ठरवितां येईल, निदान एका ओढ्याच्या दोन्ही कांठांपुरती. ज्याच्या शेतांत मावा आधीं चढेल त्याचें नुकसान बाकीच्यांनीं थोडें थोडें वांटून घ्यावें, अशीही तींत तरतूद असावी. मीं हें एकदां दौंडकडील कांहीं मंडळींपुढें बोलून पाहिलें. त्यांनीं हंसून टाळलें नाहीं. एक तरुण म्हणाला, पाणी चोरलें तर चारींत दिसतें, पाटकऱ्याला धरतां येतें. किडा कोणी मारला हें कोण पाहणार? दुसऱ्यानें विचारलें, नुकसान मोजणार कोण, आणि तेंही कोणत्या दिवशीं? मग बराच वेळ ते आपसांत वजनकाट्याविषयीं व ऊसतोडीच्या तारखांविषयीं बोलत राहिले, आणि मध्येंच एकानें पुन्हां किड्यांचा विषय काढला.